एक मोबाइल, चार मुले आणि आपली तालीम

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते संस्थेच्या हायस्कूलमध्ये सहाय्यक शिक्षक असून बी. ए., बी. एड. आहेत.)





या व्यासपीठावर दरवर्षी थोर विद्वान येऊन गेले आहेत. मी विद्वान नाही. मी मराठी आणि इतिहास शिकवणारा एक साधा शिक्षक आहे. गेल्या काही वर्षांत मोबाइल आणि इंटरनेट यांची जी साधने आपल्या घरात आली, ती मी वर्गात, माझ्या स्वतःच्या कामात आणि पालकांच्या गटात वापरून पाहिली. काही उपयोगी पडली, काही फुकट गेली, आणि एका प्रसंगी माझ्या हातून एका मुलीचे नुकसान होता होता वाचले. त्याचा हिशेब आपल्यासमोर मांडावा, एवढाच आजचा हेतू आहे. चुकले तर वडीलधाऱ्यांनी सांभाळून घ्यावे.

आपल्या घरात यंत्र नवीन नाही. माझी दादी सांगत असे की, १९८० च्या सुमारास मोहल्ल्यातली माणसे आखातात गेली, तेव्हा पत्राऐवजी टेपरेकॉर्डरची कॅसेट येई. कोणी सुट्टीवर निघाला की त्याच्या सामानात चार घरांच्या कॅसेटी असत. सगळे घर भोवती बसून दादांचा आवाज ऐके, मग उलट बाजूवर घरची माणसे एकेक करून बोलत. ज्या आजीला अक्षर येत नव्हते, तिचा निरोपही त्या फितीवरून समुद्रापार जात असे. आज व्हॉट्सॲपवर आपण आवाजाचा निरोप पाठवतो, तो त्याच कॅसेटीचा नातू आहे. तेव्हा यंत्र वाईट की चांगले, हा वाद मी घालणार नाही. फितीवर कोण बोलतो आणि ऐकायला कोणाला बोलावतात, हाच खरा प्रश्न तेव्हाही होता, आजही आहे.

शिक्षणात यंत्र आणण्याचा प्रयोगही जुना आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात आपल्या देशात उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम दाखवण्यात आले. त्याला ‘साइट’ असे नाव होते. सकाळी शाळेच्या मुलांसाठी आणि संध्याकाळी गावकऱ्यांसाठी कार्यक्रम होत. उपग्रह अमेरिकेचा होता, करार एका वर्षाचा होता. वर्ष संपले, उपग्रह परत नेण्यात आला. आपल्या शास्त्रज्ञांनी त्यातून पुष्कळ शिकून घेतले. पण ज्या मुलाने त्या वर्षी पडद्यावर धडा पाहिला, त्याच्यासमोर नंतर पुन्हा फळाच उरला असेल. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर गूगलचा ‘जॅमबोर्ड’ नावाचा फळा २०२४ च्या अखेरीस बंद झाला. साधन परक्याचे असते, ते केव्हाही जाऊ शकते. गेल्यावर मुलाच्या डोक्यात आणि वहीत काय उरते, ते पाहिले पाहिजे.

म्हणून कोणतेही नवे साधन वर्गात आणण्यापूर्वी मी आता तीन प्रश्न विचारतो. पहिला: ज्याच्या घरी मोबाइल नाही, त्या मुलाला याचा उपयोग होईल का? दुसरा: हे साधन उद्या बंद पडले तर शिकलेले टिकेल का? तिसरा: यात मुलाची इज्जत सुरक्षित आहे का? हे तीन प्रश्न मला कोणत्याही पुस्तकात सापडले नाहीत. चुका करून सापडले. तिसरा तर फार महाग पडला. तो प्रसंग पुढे सांगतो.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली, हे आपणास आठवतच असेल. आम्ही घाईघाईने पडद्यावरचे वर्ग सुरू केले. ‘झूम’ची फुकट सभा ४० मिनिटांनी आपोआप बंद होते. त्या ४० मिनिटांतली पहिली दहा ‘सर, आवाज येत नाही’ यात आणि पुढची पाच हजेरीत जात. वर्गात ४८ मुले. पडद्यावर कधी १५, कधी १२. मी मनात म्हणत असे, बाकीच्यांना शिकायचेच नाही. हे माझे पहिले चुकीचे अनुमान होते. पुढे कळले की, बहुतेक घरांत मोबाइल एकच होता; तो बाप रिक्षावर नाहीतर भाजीच्या गाडीवर घेऊन जाई, आणि राहिलेल्या वेळात तो चार भावंडांत वाटला जाई.

तेव्हा मी तोंडासमोरचा वर्ग कमी केला आणि आठ-आठ मिनिटांचे आवाजी धडे करून पाठवू लागलो. चित्रफितीला लागतो त्याच्या मानाने आवाजाला इंटरनेटचा खर्च फारच थोडा येतो, आणि बाप रात्री घरी आल्यावरही मूल तो धडा ऐकू शकते. दादीची कॅसेटच मी परत आणली म्हणा ना! आजही परीक्षेच्या आधी मी असे धडे पाठवतो. हे साधन माझ्या तिन्ही प्रश्नांत बऱ्यापैकी उतरले.

पालकांना दुसरी गोष्ट सांगायची ती पाठ्यपुस्तकाविषयी. बालभारतीच्या पुस्तकात चौकोनी ठिपक्यांची एक खूण छापलेली असते, तिला क्यूआर कोड म्हणतात. अनेक घरांत ती शोभेची नक्षी समजली जाते. मोबाइलवर केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ हे ॲप घेऊन ती खूण कॅमेऱ्यासमोर धरली की त्या पाठाशी संबंधित साहित्य उघडते. दीक्षा २०१७ मध्ये सुरू झाले. त्याला पैसे पडत नाहीत. पुस्तकाला अशी खूण जोडण्याचा प्रयोग करणाऱ्यांत सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे तेव्हाचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांचे नाव सर्वांना माहीत आहे. त्यांना २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. मला त्या रकमेपेक्षा त्या वाटून देण्याचे कौतुक अधिक वाटते. आणि ही गोष्ट मोठ्या शहरात नव्हे, एका खेड्यातल्या सरकारी शाळेत घडली, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

तिसरे साधन मुलांच्या फार आवडीचे झाले. त्याचे नाव ‘प्लिकर्स’. यात मुलांजवळ मोबाइल लागतच नाही. प्रत्येक मुलाला कागदावर छापलेले एक पत्ते मिळते. पत्त्यावर वेडेवाकडे काळे चित्र असते, प्रत्येकाचे निराळे, आणि चार बाजूंना ए, बी, सी, डी अशी बारीक अक्षरे. मी फळ्यावर प्रश्न आणि चार उत्तरे लिहितो. मुलाने आपल्या उत्तराचे अक्षर वर येईल असे पत्ते धरायचे. मी माझा एकच मोबाइल वर्गावरून फिरवतो आणि कोणाचे बरोबर, कोणाचे चूक हे मला त्याच क्षणी कळते. शेजाऱ्याला मात्र कळत नाही, कारण अक्षरे बारीक असतात आणि प्रत्येक पत्त्यावर ती निराळ्या बाजूला असतात.

याचा खरा लाभ मला अनपेक्षित ठिकाणी झाला. ‘समजले का?’ असे विचारले की आपली मुले एका सुरात ‘हो सर’ म्हणतात. मीही लहानपणी म्हणत असे. त्या दिवशी मी प्रयोगाचा भेद शिकवला होता, कर्तरी आणि कर्मणी. सगळे ‘हो सर’ म्हणाले. पत्ते वर आले तेव्हा निम्म्याहून अधिक वर्ग चुकला होता. चूक मुलांची नव्हती, माझ्या शिकवण्याची होती. दुसऱ्या दिवशी मी तोच धडा नव्या रीतीने घेतला. मागच्या बाकावरची जी मुलगी वर्षभर तोंड उघडत नव्हती, तिची उत्तरे सर्वांत अधिक बरोबर येत होती, हेही मला त्या पत्त्यांनीच सांगितले.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्यासाठी. पाठांतराचे तुमचे कष्ट मी पाहतो. धडा पाच वेळा वाचता आणि परीक्षेत आठवत नाही. १८८५ मध्ये एबिंगहाउस नावाच्या जर्मन अभ्यासकाने स्वतःवरच प्रयोग करून दाखवले की, पाठ केलेले आपण पहिल्या काही तासांतच सर्वांत वेगाने विसरतो, आणि उजळणी दिवस सोडून सोडून केली तर ते टिकते. २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींना उतारा पुन्हा वाचू दिला, काहींना पुस्तक मिटून आठवून लिहायला लावले. पाच मिनिटांनी पाहिले तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने पाहिले तर आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षा आठवड्याने येते, पाच मिनिटांनी नाही, हे तुम्ही जाणताच.

या तत्त्वावर ‘अंकी’ नावाचे एक फुकट साधन संगणकावर आहे. ‘अंकी’ हा जपानी शब्द असून त्याचा अर्थ पाठांतर असाच आहे. मी ते वापरले आणि चांगले वाटले. पण पहिला प्रश्न आडवा आला: मोबाइल नसलेल्या मुलाचे काय? शोध घेता कळले की, सेबास्टियन लाइटनर या लेखकाने १९७२ मध्ये हेच काम खोक्यात करायची रीत आपल्या पुस्तकात सांगितली होती. चपलांचे रिकामे खोके घ्या, त्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे करा. चिठ्ठीच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. उत्तर बरोबर आले की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकले की पुन्हा पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज पाहायचा, पुढचे कप्पे अधिकाधिक दिवसांनी. गेल्या वर्षी माझ्या वर्गात ३१ खोकी तयार झाली. वीज गेली तरी खोके चालते, आणि त्याला चार्जिंग लागत नाही! इंटरनेटवरून मी शिकलो, पण मुलाच्या घरी पोचले ते चपलांचे खोके. तरीही मी त्याला इंटरनेटचाच लाभ मानतो.

आणखी एक साधन घरातील मोठ्यांसाठी. मोबाइलवर बोलले की अक्षर उमटते, ही सोय गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये आठ भारतीय भाषांत वाढवली, त्यांत मराठी आणि उर्दू या दोन्ही होत्या. ज्या अम्मीला मराठी बोलता येते पण लिहायला संकोच वाटतो, ती आता बोलून शाळेला निरोप लिहू शकते. एका आईने मला असा पहिला निरोप पाठवला: ‘सर, हे मी लिहिले आहे.’ पुढे काहीच नव्हते. मला त्या एका वाक्यात पुष्कळ वाचायला मिळाले.

आता माझ्या स्वतःच्या कामाविषयी थोडेसे. वेळ वाचवण्यासाठी म्हणून मी कामांच्या याद्या करणारी चार ॲपे घेतली. महिनाभराने पाहतो तो काय, याद्यांना रंग देण्यात आणि एका यादीतून दुसऱ्या यादीत कामे हलवण्यातच माझा रोजचा अर्धा तास जात होता, वह्या तपासायच्या तशाच! तीन ॲपे काढून टाकली. मग एका संध्याकाळी मोबाइलच्या वेळेचा हिशेब उघडला. त्या दिवशी मी मोबाइलवर तीन तास चाळीस मिनिटे घालवली होती. त्यांतले शाळेचे काम चाळीस मिनिटांचेही नव्हते. जो मास्तर मुलांना ‘मोबाइल ठेव’ म्हणतो, त्याचा हा हिशेब! मला रात्री झोप लागली नाही.

तेव्हापासून एक साधी रीत पाळतो. फ्रांचेस्को चिरिलो या इटालियन माणसाने विद्यार्थी असताना, १९८० नंतरच्या दशकात, स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे घड्याळ समोर ठेवून अभ्यास केला: २५ मिनिटे एकच काम, मग पाच मिनिटे विसावा. टोमॅटोला इटालियन भाषेत ‘पोमोदोरो’ म्हणतात, त्यावरूनच त्या रीतीला नाव पडले. मी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवतो आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून २५ मिनिटे वह्या तपासतो. ॲप लागत नाही. गुणांची बेरीज मात्र मी संगणकाच्या तक्त्यातच करतो. जे काम पूर्वी दोन रात्री घेई ते एका तासात होते, आणि त्या वाचलेल्या वेळात मी मुलांच्या घरी जातो. वाचवलेला वेळ माणसांना दिला नाही, तर तो वाचला असे मी म्हणणार नाही.

पालकहो, आता त्या प्रसंगाकडे येतो.

आमच्या वर्गाचा पालकांचा एक व्हॉट्सॲप गट आहे. पहिल्या वर्षी तो सर्वांना बोलण्यासाठी खुला होता. सकाळचे फूल, दुपारची लतीफे, रात्रीच्या अफवा. याच गर्दीत मी एक सूचना टाकली होती: आठवीच्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेसाठी उत्पन्नाचा दाखला शनिवारपर्यंत द्यावा. ही परीक्षा उत्तीर्ण होऊन निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात, म्हणजे चार वर्षांचे ४८,००० रुपये. एका रिक्षावाल्या बापाला ती सूचना दिसलीच नाही. तिच्यावर शुभेच्छांचा ढीग साचला होता. मुलगा हुशार होता. परीक्षेला बसायचे राहून गेले. तो बाप मला काही बोलला नाही. फक्त एवढेच म्हणाला, ‘सर, एक फोन केला असता तर.’ मी काय उत्तर देणार?

त्यानंतर मी गट बंदिस्त केला. फक्त शिक्षक लिहितील, अशी सोय त्यात आहे. मला वाटले, आता सर्व ठीक झाले. आणि मग मी दुसरी, अधिक मोठी चूक केली.

एका रात्री साडेनऊला मी गटावर एक यादी टाकली: ‘खालील विद्यार्थ्यांनी सात पाठांचा गृहपाठ पाठवलेला नाही.’ यादीत नववीतली एक मुलगी होती. तिचे अब्बा कुवेतला नोकरीला आहेत. ते गटात होते, आणि आपल्या गावची आणखी दोन माणसे, जी त्याच गटात होती, त्यांच्याच खोलीत राहत होती. सर्वांनी ती यादी एकाच वेळी पाहिली. कोणीतरी सहज चेष्टा केली. परमुलखात घाम गाळणाऱ्या बापाला ती लागली. त्यांनी रात्रीच घरी फोन करून सांगितले, ‘पुरे झाली तिची शाळा. मी पैसे कशासाठी पाठवतो?’

मुलगी नऊ दिवस शाळेत आली नाही. मला वाटले, ताप असेल. दहाव्या दिवशी मी आमच्या एका शिक्षिका बाईंना बरोबर घेऊन तिच्या घरी गेलो. तिच्या अम्मींनी पाणी दिले, पण डोळे वर केले नाहीत. मी गृहपाठाची गोष्ट काढली तेव्हा त्या आत गेल्या आणि एक वही आणून माझ्या हातात दिली. सातही पाठांचा गृहपाठ त्यात होता. अक्षर सुरेख, समास आखलेला, तारखा घातलेल्या. मी अडखळत विचारले, ‘मग पाठवला का नाही?’ त्या म्हणाल्या, ‘सर, मोबाइल तिच्या भावाकडे असतो. तो कॉलेजला जातो, रात्री अकराला येतो. त्याला कोण विचारणार?’ मुलगी दाराआड उभी होती.

पालकहो, त्या घरात मोबाइल होता, इंटरनेट होते, मुलगी मेहनती होती, अम्मींची इच्छा होती. फक्त मोबाइलवर तिचा एक तास नव्हता. आणि मी, बी. एड. झालेला माणूस, वही न पाहता यादी करून मोकळा झालो होतो.

मी त्याच ओट्यावर बसून तिच्या अब्बांना आवाजाचा निरोप पाठवला आणि माफी मागितली. मग ज्या गटात यादी टाकली होती, त्याच गटात सर्वांसमोर लिहिले की, चूक विद्यार्थिनीची नसून माझी होती. पहिल्या दिवशी उत्तर आले नाही. दुसऱ्या दिवशी रात्री आले: ‘सर, ती वही मला दाखवा.’ बाईंनी पुन्हा जाऊन वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढला आणि त्यांना पाठवला. त्यानंतरच्या सोमवारी मुलगी वर्गात येऊन तिच्या जागेवर बसली. मी हजेरी घेताना तिचे नाव उच्चारले आणि ‘हजर’ ऐकले, तेव्हा मला पुढचे नाव लगेच वाचता आले नाही. ती कोण, हे कोणी विचारू नये. तिच्यासारख्या आणखी किती आहेत, हे मात्र प्रत्येकाने आपल्या घरात विचारावे.

त्या दिवसापासून आमच्या वर्गात काही नियम आहेत. गटावर कोणत्याही मुलाची चूक, गुण किंवा फी लिहायची नाही. ते त्या घरालाच, फोन करून सांगायचे. तारीख असलेली सूचना गटावर येईल, वर्गातही वाचली जाईल आणि वहीत लिहून पालकांची सही घेतली जाईल. मुलांचे, विशेषतः मुलींचे फोटो घरच्यांच्या संमतीवाचून कोठेही टाकायचे नाहीत. संसदेने २०२३ मध्ये केलेल्या वैयक्तिक माहितीविषयीच्या कायद्यातही १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हवी, असे तत्त्व आहे. आपण कायद्याची वाट न पाहता अदब म्हणून ते पाळू शकतो.

अफवांविषयीही बोलले पाहिजे. अफवांतून माणसे मारली गेली, म्हणून २०१८ मध्ये आपल्या देशात व्हॉट्सॲपने एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी जाईल, असे केले. कंपनीने बोट धरले, पण बोट आपलेच आहे. खात्री नसलेली गोष्ट पुढे पाठवणे म्हणजे ऐकीव गोष्टीची साक्ष देणे होय. आणि कोणी फोनवर फसवून पैसे काढून घेतले, तर लाजेने गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या सरकारी क्रमांकावर कळवा. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी.

मुलांच्या हाती सोशल मीडिया केव्हा द्यावा, असे पालक विचारतात. फेसबुक आणि इन्स्टाग्राम यांचे स्वतःचे नियम १३ वर्षांखाली खाते नको म्हणतात. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना अशा अनेक माध्यमांवर खाते ठेवण्यास कायद्याने मनाई केली आहे. आपण काय करावे? माझे नम्र मत असे की, बंदी घालणाऱ्या बापाने आधी जेवताना आपला मोबाइल बाजूला ठेवावा. मूल आपल्या बोलण्याचे नव्हे, वागण्याचे अनुकरण करते.

नोव्हेंबर २०२२ नंतर प्रश्नाचे उत्तर लिहून देणारी यंत्रे आली. विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही ती वापरता, मला माहीत आहे. निबंधात तुमचा नेहमीचा ‘आणि’ गायब झाला की मला कळते! मी अशा एका यंत्राला ‘घरी’ या शब्दाची विभक्ती विचारली. सप्तमी, हे तुमच्यातले कोणीही सांगेल. यंत्राने चतुर्थी सांगितली आणि वर ऐटीत कारणही दिले. मी हटकले, तेव्हा क्षमा मागून सप्तमी म्हणाले. मग मी मुद्दाम खोटे विचारले, ‘तृतीया नाही का?’ तर त्यालाही ‘होय, आपले बरोबर आहे.’ अशी यंत्रे रोज सुधारत आहेत, आणि मीही प्रश्नांचा पहिला मसुदा कधीकधी त्यांच्याकडून घेतो. पण ज्याला उत्तर आधीच माहीत आहे, त्यालाच यंत्राची चूक दिसते. म्हणून आधी स्वतः लिहा, मग यंत्राला विचारा, आणि मग पुस्तकात पडताळा. हा क्रम उलटला की तालीम संपली.

माझा हिशेब संपत आला. गेल्या वर्षात मी अकरा साधने वापरून पाहिली. आज हाताशी चार उरली आहेत: आवाजी धडा, पत्ते, गुणांचा तक्ता आणि चपलांचे खोके. पाचवे साधन पायांचे आहे, मुलाच्या घरापर्यंत चालत जाण्याचे. पहिल्या चारांनी वेळ वाचला नसता, तर पाचवे चालले नसते.

शेवटी पालकांना एक विनंती आणि एक मागणी. विनंती अशी की, आज घरी गेल्यावर भिंतीवर एक कागद लावा. घरातला मोबाइल कोणत्या वेळी कोणाच्या अभ्यासाला, हे त्यावर लिहा. मुलाचा एक तास असेल तर मुलीचाही एक तास असला पाहिजे, आणि तो सर्व जेवून झोपल्यानंतरचा नसावा. परदेशातल्या बापांनी फोनवर ‘गुण किती?’ विचारण्यापूर्वी ‘तुला मोबाइल मिळतो का?’ हे विचारावे.

मागणी अशी की, तुमच्या कपाटात जुने, पण चालू असलेले मोबाइल पडून असतील. ते शाळेला द्या. संस्थेच्या अनुमतीने आम्ही रोज शाळा सुटल्यावर दीड तास एक वर्ग उघडा ठेवणार आहोत. शिक्षक हजर राहतील, मुलींसाठी शिक्षिका बाई राहतील. ज्याच्या घरी मोबाइल मोकळा नाही, त्या मुलाने तेथे यावे, धडा ऐकावा, दीक्षा उघडावी, वहीचा फोटो पाठवावा. आज तीन मोबाइल जमले आहेत. वीस झाले, तर पुढच्या वर्षी गृहपाठाची कोणतीही यादी करताना माझा हात कापणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, वही मात्र सोडू नका. त्या मुलीला तिच्या वहीनेच परत आणले.